सकाळी नेऊन सोड, सांजच्याला घेऊन ये

छोटे, काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं. दिवसा तू कधी रडत नाहीस. सगळं आवरून, घर निजल्यावर परसात जाऊन रडतेस. लग्नाआधीही तशीच होतीस. तुझ्या सासूबाई तिसऱ्यांदा उठून कवाडाची कडी काढत होत्या. वावरात जायचं, कापसाच्या वेचणीला उशीर झाला, म्हणत होत्या. वावर मक्त्याने देऊन सात वर्षं झाली, हे त्यांना आठवत नाही आणि तुला सांगवत नाही. मग तू हळूच म्हणालीस, "ताई, मला त्यांना कुठं ठेवायचं नाही. मला फक्त एक रात्र झोपायचं आहे."

हे वाक्य मी ओळखते. आमच्या सासूबाईंच्या शेवटच्या चार वर्षांत मी ते मनात कितीदा म्हटलं, पण कुणाजवळ बोलले नाही. तू बोललीस, फार बरं केलंस. आता चहा टाक, सपरीत बस आणि ऐक.

तुझ्या जाऊबाई 'आश्रम' म्हणाल्या आणि तू घाबरलीस. वृद्धाश्रम वेगळा आणि दिवसाचं केंद्र वेगळं. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो. दिवसाच्या केंद्रात तो सकाळी जातो, चार माणसांत बसतो, हातपाय हलवतो, जेवतो आणि दिवेलागणीच्या आत आपल्या घरी येतो. तुझ्या सासूबाईंनी जन्मभर काय केलं? सकाळी भाकर बांधून वावरात गेल्या आणि सांजच्याला परत आल्या. त्यांच्या अंगाला तीच रीत ठाऊक आहे. आता सकाळ होते आणि त्यांना कुठं जायचंच नसतं. मग ते जाणं रात्री जागं होतं, असं मला वाटतं.

पण केंद्राचं बोलण्याआधी दवाखाना. गेल्या दोन-चार दिवसांत एकाएकी बरळणं सुरू झालं असेल, ताप असेल, जेवण तुटलं असेल, तर त्याला म्हातारपण समजून बसू नको. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, साखर खाली जाणं, एखादी नवी गोळी न मानवणं, यातल्या कशानेही म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं वागतं आणि वेळेवर इलाज झाला तर पुन्हा ठिकाणावर येतं. तसं नसेल, हळूहळू विसरत असतील, तरी थायरॉईड आणि बी-१२ एकदा तपासून घे. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं काही नवलाचं नाही. आणि मामंजी गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं, हे तूच मला सांगितलंस. म्हातारपणातली खोल उदासी पुष्कळदा विसराळूपणाचं रूप घेऊन येते, आणि तिला औषध आहे. चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात कर. पुढं लागलं तर अमरावतीचं आपलं इर्विन रुग्णालय आहेच. जाशील तेव्हा कान आणि डोळेही दाखव. ज्याला ऐकू येत नाही तो माणसांत बसूनही एकटाच असतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत बहिरेपण आहे, इलाज न केलेली कमजोर नजर आहे, आणि एकटं पडणंही आहे.

एकटं पडणं हा नुसता मनाचा विषय नाही, छोटे. दिवसभर खाटेवर बसून काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलं. आधी पाय जातात. साठीच्या पुढच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून डॉक्टरांनी मोजलं होतं. त्या दहा दिवसांत पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. मग न्हाणीत जाताना तोल जातो, पडायची भीती बसते, भीतीने चालणं आणखी कमी होतं. ऊन अंगावर पडत नाही, म्हणून शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती ते कळेनासं होतं. दुपारी तीन-तीन तास डुलकी, आणि रात्री टक्क जाग. तहान मुळातच वयाने कमी लागते; कुणी सोबत प्यायला नसलं की पाणी राहूनच जातं. जेवणाचंही तेच. एकट्या ताटावर भाकर अर्धी उरते, पंगतीत दीड खाल्ली जाते.

ही गाठ उलटी सोडवायची म्हणजे दिवसाचं केंद्र. तिथं जायचं म्हणून सकाळी आंघोळ होते, वेणी होते, धुतलेलं लुगडं नेसलं जातं. दारापासून गाडीपर्यंत चाललं जातं. कुणी विचारतं, "काल का नाही आल्या वो?" या एका प्रश्नात मोठं औषध आहे. घरात आपण त्यांची काळजी घेतो, पण त्यांची वाट कुणी पाहत नाही, कारण त्या नेहमी तिथंच असतात. माणसाला कुणीतरी वाट पाहणारं लागतं. २०१० मध्ये ज्युलिआन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन लाखांहून अधिक माणसांची ती माहिती होती. ज्यांचे माणसांशी लागेबांधे घट्ट होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

आणि सांभाळणारीचं काय? तेही कुणी तपासलं आहे. अमेरिकेत स्टीव्हन झारिट यांच्या चमूने स्मृतिभ्रंशाच्या माणसांना घरी सांभाळणाऱ्या लेकी-बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या दिवशी घरातलं माणूस केंद्रात जातं त्या दिवशी सांभाळणाऱ्याच्या वाट्याला ताण कमी येतो, आणि केंद्रात जाणाऱ्यांच्या रात्रीच्या झोपेच्या तक्रारीही कमी होतात, असं त्यांना आढळलं. तुझी झोप आणि त्यांची झोप एकाच दोरीला बांधलेली आहे. एक सुधारली की दुसरी सुधारते. स्मृतिभ्रंश असेल तर केंद्राने तो बरा होणार नाही, एवढं मनाशी धरून ठेव. दिवस सुसह्य होईल, रात्र शांत होईल, आणि आज जे हातापायांत आहे ते जास्त काळ टिकेल. एवढ्यासाठीच आपली धडपड.

दुनियेत हे नवं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतल्या लोकांना आपले म्हातारे दूरच्या परक्या आश्रमात ठेवायचे नव्हते, म्हणून तिथं 'ऑन लोक' या संस्थेने १९७३ मध्ये असं दिवसाचं केंद्र उघडलं. जपानमध्ये २००० सालापासून म्हातारपणाच्या देखभालीचा सरकारी विमा आहे. त्यात सकाळी गाडी दारात येते, केंद्रात आंघोळ, जेवण, व्यायाम होतो, आणि संध्याकाळी गाडी परत सोडते. केरळात ग्रामपंचायती असं घर चालवतात. त्याला 'पकल वीडु' म्हणतात, म्हणजे दिवसाचं घर. किती साधं नाव आहे बघ.

आपल्या महाराष्ट्रात दोन तऱ्हा आहेत. एक, ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं. तिथं पेपर, कॅरम, भजन, योगासनं असतात. ज्यांचे पाय आणि डोकं ठीक आहे त्यांच्यासाठी ती चांगली. दुसरी, विसरणाऱ्या किंवा लकवा झालेल्या माणसांची केंद्रं, जिथं शिकलेली सेविका असते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थांनी असं काम केलं आहे. ही दुसरी तऱ्हा मोठ्या शहरांत मिळते, आपल्या तालुक्याच्या गावांत सहज मिळत नाही. म्हणून तुला थोडी पदरची मेहनत करावी लागेल.

पण आपल्या मातीत हे बी आधीपासून आहे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना लावून दिली. दिवस मावळताना ठरल्या वेळी, ठरल्या जागी सगळ्यांनी एकत्र बसायचं. आपले बाबा अंगात ताप असला तरी प्रार्थना चुकवत नसत, आठवतं? प्रार्थनेला गेले की चार जण तब्येत विचारत. एक दिवस गेले नाहीत तर कुणीतरी दारात येऊन उभं राही. गड्यांना पार आहे, टपरी आहे, देवळाचा ओटा आहे. म्हाताऱ्या बाईला काय आहे, सांग? चूल सुनेच्या हाती गेली की तिच्याकडे चूलही राहत नाही आणि पारही नसतो. एक खाट उरते. म्हणून आधी बायकांची सोय बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता माझी चूक ऐक, म्हणजे तू ती करणार नाहीस. शहरात राहायला होतो, तेव्हा मी आमच्या सासूबाईंना एका केंद्रात नेलं. "चला, देवदर्शनाला जाऊ," असं खोटं सांगून नेलं, आणि त्यांची नजर चुकवून निघून आले. संध्याकाळी गेले तर त्या फाटकाजवळ पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. सकाळपासून तशाच उभ्या होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मले टाकून गेली होतीस ना?" तो प्रश्न आजही माझ्या अंगावर काटा आणतो. पुढं महिनाभर त्या मला नजरेआड होऊ देत नव्हत्या. ते केंद्रही धड नव्हतं. भिंतीला लागून खुर्च्या, समोर टीव्ही, आणि सगळे पेंगलेले. खाटेवरचं बसणं खुर्चीवर नेलं, एवढंच झालं.

म्हणून जागा बघायला जाशील तेव्हा सकाळी अकराला जा, आगाऊ न कळवता. माणसं एकमेकांशी बोलतात का ते बघ. न्हाणीघरात जा. धरायला दांडा आहे का, फरशी ओली आहे का, कमोड आहे का बघ. गोळ्या कोण देतं, पडलं-झडलं तर कुणाला फोन करतात, बाहेर निघून जाणाऱ्यावर कुणाचं लक्ष असतं, हे विचार. आणि तिथल्या बाया म्हाताऱ्यांशी कशा बोलतात ते कान देऊन ऐक. 'अगं म्हातारे' म्हणत असतील तर पाऊल मागं घे. 'काकू', 'मावशी', 'आजी, येता का वो' असं म्हणत असतील तर बसून पुढचं बोल.

पुढच्या वेळी मी सगळं खरं सांगून केलं. गावी परत आल्यावर, आपल्या चांदूर बाजारात, आमच्याच सपरीत. गल्लीतल्या पाच जणी आणि आमच्या सासूबाई. दहा ते एक, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारून हलले नाही. दुसऱ्या आठवड्यात आत जाऊन भाजी चिरली, पण आवाज ऐकू येईल अशा बेताने. तिसऱ्या आठवड्यात बाजारात जाऊन आले, आणि जाताना त्यांना सांगून गेले: "मी एक वाजता येतो." आणि एकच्या ठोक्याला आले. दिलेली वेळ पाळणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

काय करायच्या तिथं? लहान मुलांसारखे चेंडू-फुगे त्यांच्या हाती द्यायचे नाहीत. ज्या हातांनी जन्मभर काम केलं त्यांना काम द्यायचं. मी कापूस आणून ठेवत असे. सरकी काढायची, पिंजायचा, वाती वळायच्या. बोटं चालतात, नजर लागते, आणि देवळात वात लागली की आपली वात लागली याचं सुख असतं. तुरीची डाळ निवडायची, शेंगा सोलायच्या. उन्हाळ्यात सरगुंडे करायचे. सरगुंड्यांचं पीठ किती घट्ट हवं यावर सहा जणींचं असं काही भांडण जुंपायचं की कालचं विसरणाऱ्या आमच्या सासूबाई पन्नास वर्षांपूर्वीचं प्रमाण बिनचूक सांगायच्या. जुनं खोल रुजलेलं असतं, ते उशिरा जातं. त्यांना आज वार कोणता ते विचारू नको. बहिरमच्या यात्रेला बैलगाडीने कशा जायच्या ते विचार. रोडगे कुठं भाजायचे, गाडीत कोणकोण असायचं ते विचार. उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नको.

आमच्यातल्या एकीचे डोळे पार गेले होते. ती म्हणायची, मी येऊन काय करू? मी तिला माधानच्या गुलाबराव महाराजांची आठवण करून दिली. आपल्याच तालुक्यातले. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, दुसऱ्यांकडून वाचून घेत ज्ञान मिळवलं, आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले. मग शेजारची नववीतली पोर रोज अर्धा तास पोथी वाचायला येऊ लागली आणि ती बाई ऐकलेलं इतरांना समजावून सांगू लागली. तिला तिची जागा मिळाली.

मध्ये एकदा उठून खुर्ची धरून पाय उचलायचे, टाचा वर करायच्या, दहा वेळा बसायचं-उठायचं. दर तासाला सगळ्यांनी मिळून पाणी प्यायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बैठक सकाळी सातला घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घरी.

सहा महिन्यांत काय बदललं सांगू? आमच्या सासूबाई दुपारी झोपेनाशा झाल्या आणि रात्री सलग पाच तास झोपू लागल्या. आंघोळीला नाही म्हणणं थांबलं, कारण माणसांत जायचं होतं. आणि माझं त्यांच्यावर ओरडणं थांबलं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. थकलेली बाई ओरडते, आणि ओरडून झाल्यावर स्वतःलाच खाते. तो खड्डा मला ठाऊक आहे.

तुझ्या गावी ही बैठक उभी करायला फार काही लागत नाही. शाळेची रिकामी खोली, देवळाचा मंडप, नाहीतर कुणाची मोठी सपरी. सरपंचांना भेट. आशाताईला सांग, महिन्यातून एकदा रक्तदाब बघायला ये. तुझ्या बचतगटात बोल. तुझ्यासारख्या आणखी चार जणी निघतील, बघ. पाळी लावा. सोमवारी तू बसलीस तर बुधवारी दुसरी बसेल. तू बसशील त्या दिवशी चार घरच्या सुना मोकळ्या होतील, आणि ती बसेल तेव्हा तू.

काही सोयीही माहीत असू दे. ६५ च्या पुढं एसटीला अर्धं तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून तुलाही बाई म्हणून अर्धंच तिकीट. म्हणजे अमरावतीला दवाखान्यात नेणं खिशाला जड नाही. आधार कार्ड तेवढं सोबत ठेव. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर यांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी कर. आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे. सकाळी आठ ते रात्री आठ. अडलं तर लाव.

लोक काय म्हणतील, ही तुझी खरी भीती आहे, मला माहीत आहे. म्हणतील दोन-चार जण. मलाही म्हणाले, सासू जड झाली. त्यातलीच एक वर्षभराने आपल्या आईला घेऊन माझ्या सपरीच्या पायरीवर उभी होती. मी काही बोलले नाही, सतरंजी पुढं सरकवली. तूही कुणाशी वाद घालत बसू नको. जवाईबापूंशी मात्र नीट बोल. ते कामावरून दमून येतात, त्यांना आई शांत बसलेली दिसते. दिवसभराचं आणि रात्रीचं त्यांनी पाहिलेलं नसतं. एक रात्र त्यांना आईजवळ झोपू दे, आणि सकाळी बोल.

पहिल्या मोकळ्या तीन तासांत घर आवरायला घेऊ नको. झोप. पोटभर झोप. तुला त्यात अपराध्यासारखं वाटेल, उठून बसशील, त्या काय करत असतील म्हणून जीव कासावीस होईल. होऊ दे. तो मायेचाच भाग आहे. पण पडून राहा.

आणि आज रात्री सासूबाई पुन्हा कडी काढायला गेल्या, तर वावर आता आपल्याकडे नाही असं सांगू नको. आडवी येऊ नको. हात धर आणि म्हण, "आत्ता अंधार हाय आत्या. सकाळी उजाडल्यावर जाऊ." त्या ऐकतील. मग खरंच सकाळी त्यांची वेणी घाल, फडक्यात भाकर बांध आणि घेऊन ये माझ्याकडे. एसटी नाही मिळाली तर ऑटो कर, पैसे मी देते. उद्या मंगळवार, आमच्या सपरीत बैठक आहे. आमच्या सासूबाई गेल्या, पण त्यांची सतरंजी मी उचलली नाही. मी कापूस काढून ठेवते. त्यांना वेचणीला यायचं आहे ना? त्यांना सांग, ताईच्या घरी सगळ्या वाट पाहून राहिल्या.